हद्दीतलं वावर: खान्देशात शहरालगतच्या दहा-वीस गुंठ्यांसाठी सरकारी अनुदान कसं मिळवायचं

आमचं वावर धुळ्याच्या वेशीवर आहे. २०१८ मध्ये वलवाडी, महिंदळे, अवधान अशी आजूबाजूची गावं महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा आमचे बावीस गुंठेही बसल्या जागी शहरात आले. विहीर तीच, बांधावरचा निंब तोच. बदलला तो फक्त कागद, आणि कागदाने काय काय बदलतं ते कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. काका एकदा तालुक्याच्या ऑफिसातून घरी आले, टोपी काढून खाटेवर टेकले आणि म्हणाले, "आते कागदंच शेती करतस, भाऊ."

जळगावात मेहरूण-पिंप्राळ्याच्या बाजूला, भुसावळच्या कडेला, नंदुरबारच्या आसपास अशी कितीतरी छोटी वावरं आहेत. कुणी मेथी-पालक काढतो, कुणी भरीताची वांगी, कुणी दोन म्हशींसाठी घास. "शहरी शेती" नावाची एकच योजना शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. मिळतं ते शेतीच्या नेहमीच्या योजनांमधूनच. अट एवढीच की कामं बरोबर क्रमाने करायची. अनुदान बहुतेक वेळा अपात्रतेमुळे जात नाही, क्रम चुकल्यामुळे जातं.

पहिली पायरी: सातबारा नीट वाचा

डिजिटल सहीचा ७/१२ ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो, सोबत ८अ (तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा. आणि मग खरंच वाचा. आपण गुंठ्यात बोलतो, सरकार हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१ च्या जरासा वर. ढोबळमानाने एक गुंठा म्हणजे एक आर, चाळीस गुंठे म्हणजे एकर, शंभर आर म्हणजे हेक्टर. ७/१२ वर ०.२२.०० दिसलं की ते बावीस आर.

आता आमची गंमत ऐका. फळबाग योजनेला किमान ०.२० हेक्टर लागतं. आपले तर बावीस आहेत, म्हणून निश्चिंत होतो. अर्ज परत आला: क्षेत्र कमी. ७/१२ पुन्हा उघडला तर खाली बारीक अक्षरात "पोटखराब वर्ग अ – ०.०३", म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. लागवडीयोग्य उरले एकोणीस. ती तीन आरची पट्टी आजोबांच्या काळात दगडगोट्यांची होती. वडिलांनी ती कधीच सपाट केली आणि पंचवीस वर्षं तिथे भाजी निघतेय, पण कागदावर अजून दगडच.

वर्ग अ चा पोटखराबा लागवडीखाली आणलेला असेल तर तो लागवडीयोग्य क्षेत्रात घेता येतो, २०१८ मध्ये नियमात तशी दुरुस्ती झाली आहे. तहसीलमध्ये अर्ज द्यायचा, ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे आपले तलाठी, २०२४ पासून पदाचं नाव बदललं) जागेवर येऊन पाहणी करतात, अहवाल वर जातो आणि मंजुरीनंतर फेरफार होतो, म्हणजे ७/१२ वरची नोंद बदलते. शेतसारा थोडा वाढतो, तो किरकोळ. वर्ग ब म्हणजे रस्ता, नाला, कालवा असल्या गोष्टींखालचं क्षेत्र. त्याच्या नादी लागू नका. आमचं काम व्हायला आठ महिने लागले, म्हणून सांगतो: हा अर्ज योजनेची गरज पडायच्या आधीच टाकून ठेवा.

७/१२ वर आणखी तीन ठिकाणी बोट ठेवून बघा. एक, नावं. वडील वारले, वारसनोंद झालेली नाही, ही आपल्याकडची सगळ्यात नेहमीची अडचण. आजही सामायिक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि सुरतेला गेलेल्या भावाची सही मिळवणं हे ठिबक बसवण्यापेक्षा अवघड काम असतं. दोन, विहीर किंवा बोअरची नोंद. नळाचं पाणी सिंचनाचा स्रोत धरलं जात नाही. तीन, जमीन बिनशेती तर झालेली नाही ना. एनए झालेल्या प्लॉटवर तुम्ही कितीही छान वांगी काढा, कृषी खात्याच्या लेखी ते शेत नाही. सिटी सर्व्हे होऊन मालमत्ता पत्रक आलेल्या जागेचीही साधारण तीच गत.

दुसरी पायरी: तुम्ही हद्दीच्या आत की बाहेर?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि हद्दीवरच्या माणसाचं सगळं यावरच अडतं.

महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या ठिबक, अवजारं, फळबाग अशा योजना कृषी खात्याच्या. त्यांना ७/१२ शेतीचा हवा, शहराची हद्द आडवी येत नाही. पण जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून राबवल्या जाणाऱ्या दोन मोठ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन, आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती. नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप अशी त्यांची यादी घसघशीत आहे. यातल्या स्वावलंबन योजनेत जमीन नगरपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेच्या क्षेत्राबाहेरची हवी, अशी अटच आहे. गाव हद्दीत आलं आणि एका दिवसात विहिरीचा हक्क गेला, अशी घरं मी पाहिली आहेत. बिरसा मुंडा योजनेसाठी जिल्हा परिषदेत आधी हेच विचारा. आणि तुमचं गाव अजून बाहेर असेल, हद्दवाढीची चर्चा सुरू असेल, तर या दोन योजनांचे अर्ज उद्यावर टाकू नका.

दुसरी गोष्ट नगररचना विभागातून काढायचा झोन दाखला. विकास आराखड्यात आपल्या वावरावर रस्ता, शाळा, बगीचा असं काही आरक्षण आहे का, ते त्यावरून कळतं. ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेता येतात, पण शेडनेटचा सांगाडा आणि फळझाडं कुठे नेणार? ज्या जमिनीवर आरक्षण आहे तिथे पाच-सात वर्षांचा विचार लागणारं काहीही करू नये, हे माझं ठाम मत.

तिसरी पायरी: चार नोंदी आणि एक स्पेलिंग

शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी सक्तीचा आहे. सीएससी केंद्रात (गावोगावच्या ऑनलाइन सेवा केंद्रात) आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि ७/१२ घेऊन जा. ओटीपी त्याच मोबाईलवर येतो, तेव्हा तो मोबाईल मुलाच्या खिशात पुण्यात नसावा.

नोंदणी करताना तुमच्या नावावरचे सगळे गट जोडले गेले का ते स्क्रीनवर स्वतः बघा. एका गावात सात गुंठे आणि दुसऱ्या गावात पंधरा असतील तर ऑनलाइनवाला घाईत एकच जोडतो आणि पुढे सगळीकडे तुम्ही सात गुंठ्यांचे मालक.

आधारवर "सुखलाल", ७/१२ वर "सुकलाल" असेल तर तो फरक आधी मिटवा. हे एक अक्षर पुढे पैसे खात्यात यायच्या दिवशी अडवतं. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून चालत नाही, अनुदान जमा होण्यासाठी ते एनपीसीआयला, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेकडे, जोडलेलं हवं. बँकेत "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असे शब्द वापरून विचारा, नाहीतर "हो, लिंक आहे" एवढंच उत्तर मिळेल.

चौथी नोंद ई-पीक पाहणीची. २०२१ पासून पीक आपणच मोबाईलवरून नोंदवायचं आहे. भाजीवाल्यांची इथे नेहमी चूक होते. दहा गुंठ्यांत मेथी, कोथिंबीर, वांगी, कडेला चार शेवगे, मग यातलं लिहायचं काय, म्हणून लोक नोंदच टाळतात. ७/१२ वर "पड" लागतं आणि पडीक जमिनीला ठिबक कोण देणार? मिश्र पीक निवडा, मुख्य पीक जास्त क्षेत्राचं दाखवा, वावरात उभं राहून फोटो काढा.

चौथी पायरी: आपल्या गुंठ्यांना परवडेल तेवढंच मागा

*ठिबक.* माझा सल्ला विचाराल तर सुरुवात इथून. जळगाव हे ठिबकचं माहेरघर, दुरुस्ती करणारा गल्लीगल्लीत सापडतो. केंद्राच्या "प्रति थेंब अधिक पीक" मधून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के मिळतात आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ टक्के पूरक. एकूण ८०. इतरांना ४५ अधिक ३०, म्हणजे ७५. दोन हेक्टरपर्यंतचा शेतकरी अल्प-अत्यल्पमध्ये येतो, म्हणजे आपण सगळेच. टक्केवारी मात्र तुमच्या बिलावर नसते, सरकारने ओळींच्या अंतरानुसार ठरवलेल्या मापदंडावर असते. समजा मापदंड ३०,००० चा आणि बिल ३८,००० चं. अनुदान ३०,००० च्या ८० टक्के, म्हणजे २४,००० मिळेल आणि खिशातून १४,००० जातील. डीलर "ऐंशी टक्के" म्हणतो तेव्हा हे गणित तो सांगत नाही. भाजीला नळ्या जवळजवळ लागतात, त्यामुळे खर्च वाढतो आणि मापदंडही वाढतो. अर्जात अंतर खरं तेच टाका. एकदा लाभ घेतला की त्याच क्षेत्रावर सात वर्षं पुन्हा मिळत नाही, म्हणून हलक्या नळ्या घेऊ नका.

*फळबाग.* भाऊसाहेब फुंडकर योजना २०१८-१९ पासूनची. कोकण सोडून बाकी महाराष्ट्रात किमान ०.२० आणि कमाल ६ हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं. बागायतीत ९० टक्के झाडं जगलेली दिसली तरच पुढचा हप्ता. कागदी लिंबू सहा बाय सहा मीटरवर लावलं तर वीस आरमध्ये साधारण ५५ झाडं बसतात. पाच-सहा मेली की तुम्ही काठावर आलात! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, त्यामुळे पहिल्या दोन उन्हाळ्यांत आच्छादन आणि पाणी यांची सोय नसेल तर या फंदात पडू नका. पेरू, सीताफळ, आवळा चालतात. केळी या यादीत नाही, हे जळगावकरांना दरवेळी सांगावं लागतं.

*अवजारं.* दहा गुंठ्यांना ट्रॅक्टर मागणारे महाभाग आहेत. तुम्ही पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) किंवा छोटा पॉवर टिलर बघा. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४०, आणि त्यालाही कमाल रकमेची मर्यादा.

*शेडनेट आणि पॉलिहाऊस.* फलोत्पादन अभियानात मापदंडाच्या ५० टक्के. पॉलिहाऊसबद्दल स्पष्ट बोलतो: खान्देशच्या उन्हात, लहान क्षेत्रावर, कर्ज काढून, नको. शेडनेटमध्ये मिरची-वांग्याची रोपं करून विकणं हा मात्र शहराजवळ चालणारा धंदा आहे. २०२० मध्ये आलेल्या अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत त्यासाठीच अनुदान होतं, पण जमीन किमान एक एकर हवी होती.

*सौर पंप.* "मागेल त्याला सौर कृषी पंप" मध्ये अडीच एकरापर्यंत ३ एचपी. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी ५. अर्ज महावितरणकडे. विजेची शेतीजोडणी आधीच असेल तर ही सोडा, साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीजबिल माफच आहे.

*पीककर्ज.* किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख सवलतीमुळे व्याज शून्यावर येतं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही. शहरातली शाखा "आमच्याकडे शेतीकर्ज नाही" म्हणते तेव्हा तुमचं गाव कोणत्या शाखेला दत्तक आहे ते विचारा.

पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार सगळ्यांना माहीत आहेत. शहरालगतच्यांनी दोनच अटी लक्षात ठेवा: १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर मिळत नाही (वारसाने आलेली चालते), आणि घरात आयकर भरणारं कुणी असेल तरी नाही.

वावर नाही, गच्ची आहे

७/१२ नसेल तर महाडीबीटीचं दार बंद. पण पिकवण्याच्या पुढची दारं उघडी आहेत. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना २०२० मध्ये आली. तिला शेतजमीन लागतच नाही. प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं, आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. बचत गटातल्या सभासदाला बीजभांडवल ४०,००० पर्यंत. जळगावचं "एक जिल्हा एक उत्पादन" केळी आहे, पण बिबडे, उडदाचे पापड, मिरची पावडर असं दुसरं काही करायचं असलं तरी अर्ज चालतो.

माझी जळगावची मावसबहीण केळीचे वेफर्स करते. तिचा प्रस्ताव एकाने "फाईल बनवून देतो" म्हणत पाच हजारांत केला होता. नंतर कळलं, जिल्हा संसाधन व्यक्ती नावाची माणसं याच कामासाठी नेमलेली आहेत आणि त्यांचं मानधन सरकार देतं. त्यांची यादी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात मिळते. दुसरं तिला आधी कुणी सांगितलं नाही ते असं: अनुदान हातात पडत नाही. ते कर्जखात्याजवळ वेगळं ठेवतात आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले की कर्जात वळतं करतात. ते पैसे धरून मशीनची उधारी करू नका.

संध्याकाळी हातगाडीवर भाजी विकत असाल तर पीएम स्वनिधी बघा. पहिलं कर्ज १५ हजार, वेळेत फेडलं की २५, मग ५०. त्याला महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र लागतं. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्यामुळे समितीच्या आवाराबाहेर थेट गिऱ्हाइकाला विकायला सेस नाही.

पाचवी पायरी: अर्ज, आणि मग हात आवरा

महाडीबीटीवर "अर्ज एक, योजना अनेक" अशी पद्धत आहे. शुल्क २३ रुपये ६० पैसे. केंद्रवाला तीनशे मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे, सरकारचे नव्हेत. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून आधी येईल त्याला आधी असं झालं आहे. म्हणून कागद अपुरे ठेवून अर्ज टाकण्यात अर्थ नाही आणि कागद तयार असताना थांबण्यातही नाही. प्राधान्यक्रम विचारतात तेव्हा सगळ्यावर टिचकी मारू नका. खरंच लागतं ते पहिल्या नंबरवर.

निवड झाल्याचा मेसेज येतो, मग कागद अपलोड करायचे, मग पूर्वसंमती, म्हणजे खरेदी करायची परवानगी, मिळते. निवड आणि पूर्वसंमती या दोन वेगळ्या गोष्टी. आमच्या शेजाऱ्याने निवडीचा मेसेज आला त्याच दिवशी पॉवर वीडर उचलला, दिवाळीची ऑफर होती. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या नऊ दिवस आधीची निघाली. मशीन चांगलं चाललंय, अनुदान मात्र आजतागायत नाही.

पूर्वसंमती हातात आली की ठरलेल्या मुदतीत खरेदी करा. नोंदणीकृत विक्रेता, जीएसटीचं पक्कं बिल, पैसे बँकेतून. रोखीने दिले तर पुरावा राहत नाही. काही डीलर म्हणतात, "तुमचा हिस्सा फक्त द्या, अनुदानाचं आम्ही बघतो." तुमचा एटीएम किंवा सही केलेला कोरा चेक त्यात मागितला की उठून या.

सहावी पायरी: मोका तपासणी

सहायक कृषी अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे कृषी सहायक, जागेवर येऊन मोजणी करतात, लोकेशनसह फोटो घेतात. त्या दिवशी खातेदार स्वतः हजर हवा. ठिबक चालू करून दाखवायचं, म्हणजे वीज असण्याची वेळ साधून बोलवा. आमच्याकडे साहेब आले आणि लाईट गेली. काका त्यांना चहा पाजत दोन तास थांबवून बसले, शेवटी पाणी सुटलं तेव्हा साहेबांनी स्वतःच टाळी वाजवली.

अडकलं तर

अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी स्थिती बघत जा. त्रुटी काढलेली असते, मेसेज आलेला नसतो, आणि मुदत संपली की अर्ज आपोआप बाद. तोंडी चौकशीपेक्षा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. तेवढ्याने हललं नाही तर "आपले सरकार" वर तक्रार टाका, तिला उत्तर द्यावंच लागतं.

माती-पाण्याचं काही विचारायचं असेल तर कृषी विज्ञान केंद्रात जा: जळगावला ममुराबाद, रावेरकडच्यांना पाल, धुळ्यात कृषी महाविद्यालयाच्या आवारात. शहराखालच्या नाल्याचं पाणी भाजीला देत असाल तर ते तपासून घ्याच. मग ठिबकचा फिल्टर कोणता घ्यायचा तेही तिथेच कळेल, आणि तो अंदाजपत्रकात आधीच धरता येईल.